घरी बसून काम करणाऱ्यांच्या डोक्यातली आयडिया कंपनीपर्यंत कशी आणायची: एचआरवाल्यांसाठी पायरी पायरीनं

आधी स्वतःचीच फजिती सांगते. २०२१ साली आमची कंपनी (नाव लिहीत नाही, बेळगाव एवढंसं, मागच्या गल्लीतला माणूस पण ओळखेल) जवळजवळ सगळी घरून चालायची, कुणी खानापुरात, कुणी निपाणीत, चार-पाच पोरं पुण्यात, दोघं बेंगळुरात आणि मी टिळकवाडीत आमच्या माडीवर. मालक म्हणाले घरून काम करतायत तर काहीतरी नवीन पण सुचू दे की लोकांना. मग मी एक गूगल फॉर्म केला, त्याला 'इनोव्हेशन बॉक्स' असं झकास नाव दिलं, सगळ्यांना मेल टाकला आणि विसरले. तीन महिन्यांनी उघडला तर चार उत्तरं. एक रिकामं, एकात 'टेस्ट टेस्ट', एक पगारवाढीचं आणि चौथ्यात लिहिलेलं की कॅन्टीनचा चहा सुधारा. कॅन्टीनला तेव्हा वर्षभर कुलूप होतं.

मला राग आला, वाटलं लोकांना काही पडलेलंच नाही. मग एकेकाला फोन लावत गेले तर प्रत्येकाकडं दोन-तीन तरी गोष्टी निघाल्या, चांगल्या, करण्यासारख्या. मग लिहिल्या का नाहीत? निपाणीच्या एका जुन्या माणसानं सरळ सांगितलं, मॅडम मी आधी तीनदा मेल केला होता, एकदाही कुणी हो म्हटलं नाही की नको म्हटलं नाही, मग चौथ्यांदा कशाला लिहू. त्या दिवशी मला जे कळलं तेच खाली पसरून सांगतेय. आयडिया कमी पडत नाहीत, उत्तरं कमी पडतात. ऑफिसात असताना निदान साहेबांचं तोंड तरी दिसायचं, घरून मेल केला की तो विहिरीत टाकलेल्या दगडासारखा, आवाज पण येत नाही.

घरून काम केलं की नक्की काय अडतंय

हे आधी समजून घ्या नाहीतर पुढच्या पायऱ्या नुसत्या फॉर्म भरल्यासारख्या होतील. उद्यमबागेत, म्हणजे आमच्या बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, चहाच्या टपरीवर उभं राहिलं की अकाउंट्सचा माणूस, मशीन शॉपचा फोरमन आणि डिझाइनवाला एकाच बाकावर येतात आणि कुणीतरी सहज म्हणतं आमच्याकडं हे असं अडतंय, दुसरा म्हणतो अरे मग असं कर की. दोन वेगळ्या खात्यांतली माणसं एकमेकांवर आदळली की काहीतरी निघतं. घरून काम करताना माणूस आपल्या टीमशी बोलतो, भरपूर बोलतो, उलट जास्तच, पण बाजूच्या खात्याशी बोलणं बंद होतं. हे माझं एकटीचं मत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांत आपल्याच अमेरिकेतल्या ६१ हजारांवर कर्मचाऱ्यांचं कोण कुणाशी बोलतंय हे तपासलं, २०२१ मध्ये ते छापून आलं, आणि त्यात हेच दिसलं की सगळे घरी गेल्यावर गट आपापल्यात जास्त घट्ट झाले आणि गटागटांमधले पूल कमी झाले.

दुसरी गोष्ट व्हिडिओ कॉलची. २०२२ मध्ये 'नेचर' मध्ये एक प्रयोग आला, दोघादोघांच्या जोड्या, काही समोरासमोर आणि काही व्हिडिओवर. व्हिडिओवाल्यांना कल्पना कमी सुचल्या, कारण नजर त्या चौकोनात अडकते, इकडंतिकडं बघत नाही आणि डोकं पण मग इकडंतिकडं जात नाही. पण सुचलेल्या कल्पनांतली चांगली कुठली ते निवडण्यात व्हिडिओवाले मागं पडले नाहीत. याचा सरळ अर्थ मी असा घेतला: सुचवायचं काम कॉलवर करू नका, निवडायचं काम खुशाल करा.

आणि मालक म्हणत असतील की मग बंदच करा ते घरून काम, तर त्यांना ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतला अभ्यास सांगा, २०२४ मध्ये आलेला. १,६१२ लोक, अर्ध्यांना आठवड्यात दोन दिवस घरून काम, त्यांच्यातलं नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं कमी झालं आणि कामाच्या मूल्यमापनात किंवा बढतीत फरक पडला नाही. म्हणजे घर हे काही दुखणं नाही, पण घराला पूल बांधावे लागतात आणि ते काम एचआरचं आहे.

पायरी १: आधी करंट, नेट आणि दार

ही पायरी पुण्या-बेंगळुरातल्या एचआरच्या लेखात सापडणार नाही. जून ते सप्टेंबर खानापूर तालुक्यात जो पाऊस पडतो त्यात झाड पडलं की लाईन गेली, हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) माणूस बिचारा भिजत येईपर्यंत अर्धा दिवस गेलेला. ज्याला सकाळपासून करंट येतोय की नाही याचीच काळजी आहे त्याला काय डोंबल सुचणार. म्हणून पहिलं काम, राऊटरला लावायचा छोटा यूपीएस कंपनीच्या खर्चानं द्या. मोठा इन्व्हर्टर नको, राऊटरपुरता मिळतो आणि स्वस्त असतो, लॅपटॉपची बॅटरी दोन-तीन तास तशी पण चालतेच. सोबत दुसऱ्या कंपनीचं सिम, कारण वाईट दिवशी एक टॉवर बसतो तेव्हा दुसरा चालू असण्याची शक्यता तरी राहते.

दार हा वेगळा विषय आहे. आमच्याकडं घरात आहे म्हंजे मोकळा आहे असंच धरतात. अरे घरातच हाईस की, जरा गॅसवाल्याला बघ, जरा आजीला दवाखान्यात सोडून ये. बायकांचं तर विचारूच नका, हेडफोन कानात आणि कुकरची शिट्टी मोजायची. यावर एचआर फार काही करू शकत नाही पण एक गोष्ट आम्ही केली आणि ती चालली: प्रत्येकाला दिवसातले दोन तास स्वतः निवडायला सांगितले ज्यात ऑफिस पण त्याला हाक मारणार नाही आणि घरानं पण मारू नये, आणि ते तास छापील पत्रावर कंपनीच्या सही-शिक्क्यासहित दिले. मेल नाही, पत्र. सासूबाईंना मेल दिसत नाही, दारावर चिकटवलेला शिक्का दिसतो. हसू नका, शिक्क्याला आपल्याकडं अजून वजन आहे.

पायरी २: 'इनोव्हेशन' हा शब्द काढून टाका

तो शब्द ऐकला की लोकांना वाटतं रॉकेट उडवायचंय. त्याऐवजी विचारा, कामात रोज काय खटकतंय? टोयोटानं १९५१ मध्ये कामगारांकडून सूचना घ्यायची पद्धत चालू केली ती याच जातीची, छोट्या छोट्या, आपल्या हातातल्या कामाच्या सूचना, आणि उद्यमबागेतल्या कारखानदारांना कायझन (थोडी थोडी, सतत सुधारणा) हा शब्द काही नवा नाही. तीच गोष्ट लॅपटॉपवाल्यांना लावायची.

याचाच एक चांगला वापर नव्या माणसावर करता येतो. रुजू झालेल्याला पहिल्या दिवशीच सांगा की तीस दिवस एक वही ठेव, जे जे विचित्र वाटेल ते लिही, ही फाइल दोनदा का पाठवतात, ह्या रिपोर्टला वाचतं कोण. आम्ही त्याला 'खटकवही' म्हणतो. तिसाव्या दिवशी अर्धा तास बसून ती वाचायची. दोन महिन्यांनी त्याचे डोळे पण आमच्यासारखेच मरतात, मग काही दिसत नाही. मुलाखतीत पण हाच प्रश्न विचारा, मागच्या जागी काय खटकलं आणि त्याचं तू काय केलंस. नुसती तक्रार सांगणारा आणि काहीतरी करून बघणारा, दोघं दोन मिनिटांत वेगळे कळतात.

पायरी ३: भाषा, आणि ही माझ्या मते सगळ्यात मोठी

आपल्याकडचा माणूस घरात मराठी, बँकेत आणि तालुक्याच्या ऑफिसात कानडी आणि कंपनीच्या मेलमध्ये इंग्रजी. बोलताना तर तिन्ही एका वाक्यात, आणि त्यात काही बिघडत नाही. पण आयडियाचा फॉर्म जर इंग्रजीत असेल तर ज्याचं इंग्रजी बरं त्याचीच आयडिया बरी असा निकाल आधीच लागलेला असतो. माझ्या त्या पहिल्या फॉर्मचं हे पण एक दुखणं होतं. डिस्पॅच बघणाऱ्या चिकोडीच्या माणसाला ट्रान्सपोर्टमधली प्रत्येक खाच माहिती, पण 'डिस्क्राइब युवर प्रपोजल' वाचलं की तो लॅपटॉप मिटतो.

आम्ही आता असं करतो. व्हॉट्सअॅपवर एक नंबर आहे, त्यावर व्हॉइस नोट टाकायची, मराठीत, कानडीत, उर्दूत, कशात पण, एक-दीड मिनिट. आमच्यातली एकजण ती ऐकून दोन ओळी इंग्रजीत लिहिते कारण बेंगळुरातल्या साहेबांना तेच वाचता येतं. फोनवर बोलून टाइप होतंय हल्ली दोन्ही भाषांत, बऱ्यापैकी होतंय, पण मशीनची आणि गावांची नावं हटकून चुकतात, तेवढी तपासा. आणि महत्त्वाचं हे की लिहिलेल्या दोन ओळी त्याला फोनवर परत वाचून दाखवायच्या, तुला हेच म्हणायचं होतं ना? पहिल्या काही वेळा आम्ही हे केलं नाही आणि एकाच्या 'गाडी उशिरा सोडा' या सूचनेचं इंग्रजीत 'डिलिव्हरी डिले करा' झालं, साहेब भडकले, तो माणूस पुढं सहा महिने गप्प. त्याला म्हणायचं होतं की संध्याकाळी पाचला सोडलेली गाडी चन्नम्मा सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये अडकते, साडेसातला सोडली तर पहाटे पुण्यात त्याच वेळेला पोचते आणि ड्रायव्हरचं डिझेल आणि डोकं दोन्ही वाचतं.

अजून एक, हे फक्त सीमाभागातल्यांसाठी. भाषा कुठलीही चालेल पण भाषेवरून वाद चालणार नाही, एवढा नियम लेखी ठेवा. एक नोव्हेंबरच्या (कर्नाटकाचा राज्योत्सव, इथल्या मराठी माणसांचा काळा दिवस) आसपास ग्रुपवर कुणी ना कुणी काहीतरी फॉरवर्ड करतंच, मग पुढचे पंधरा दिवस दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत. ग्रुप अॅडमिननं तिथंच थांबवायचं, दोन्हीकडच्यांना सारखंच.

पायरी ४: रजिस्टर आणि सात दिवस

आता मूळ गोष्ट. एक एक्सेल शीट करा, महागडं सॉफ्टवेअर नको. रकाने असे: तारीख, कुणी सांगितलं, काय खटकतंय, काय करता येईल, उत्तर कोण देणार, कधीपर्यंत, काय ठरलं. हे शीट सगळ्यांना दिसलं पाहिजे, झाडून सगळ्यांना, वाचायला तरी.

प्रत्येक सूचनेला सात दिवसांत उत्तर. उत्तरं तीनच असू शकतात. एक, करू या, अमुक माणूस करणार, अमुक तारखेपर्यंत. दोन, आत्ता नाही, आणि का नाही ते एका ओळीत. तीन, तूच करून बघ, दोन आठवडे देतो, इतके पैसे देतो. 'बघू' हे उत्तर नाही. आपल्याकडं बघू म्हंजे नाही हे शाळेतल्या पोराला पण माहीत असतं, त्यामुळं शीटमध्ये तो शब्द टाइप झाला की मी परत पाठवते. सात दिवस उलटले की ती ओळ लाल होते आणि सोमवारी सकाळी मालक फक्त लाल ओळी बघतात. मालकांना हे दहा मिनिटांचं काम पटवायला मला चार महिने लागले, पण ते एकदा बघायला लागल्यावर मॅनेजर लोक आपोआप शुक्रवारी संध्याकाळी उत्तरं लिहायला लागले.

नकार कसा लिहायचा हे शिकवावं लागतं, मॅनेजरना कुणी शिकवलेलं नसतं. 'बजेट नाही' हे वाईट उत्तर, कारण त्यात आयडियाबद्दल काहीच नाही. 'हे बरोबर आहे, पण क्लायंटच्या करारात मार्चपर्यंत फॉरमॅट बदलता येत नाही, एप्रिलमध्ये परत काढू' हे चांगलं उत्तर. माणूस नकारानं दुखावत नाही तेवढा, न वाचल्यानं दुखावतो.

हे रजिस्टर आलं त्याच्या आधीची एक गोष्ट मला अजून टोचते. खानापूरच्या एका मुलीनं कॉलवर सांगितलं की क्लायंटचे तेच तेच प्रश्न येतात तर त्याची उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवू या. तिच्या मॅनेजरनं दुसऱ्या विषयावर उडी मारली. तीन महिन्यांनी पुण्याच्या लीडनं तेच मांडलं, टाळ्या पडल्या, त्याचा फोटो न्यूजलेटरमध्ये आला. मुलीनं काही म्हटलं नाही, दोन महिन्यांनी राजीनामा दिला आणि मला एक्झिट मुलाखतीत, अगदी शेवटी उठता उठता, सांगितलं. समोरासमोर असती तर निदान शेजारचा कुणीतरी म्हणाला असता अरे हे तर ही आधी म्हणाली होती. घरून काम करताना साक्षीदार नसतो, म्हणून तारीख आणि नाव लिहायचं.

पायरी ५: कॉलवर बोलायच्या आधी लिहा

सगळ्यांना एकत्र बसवून 'चला सुचवा' हा प्रकार समोरासमोर पण फारसा चालत नाही. येल विद्यापीठात १९५८ मध्येच दिसून आलं होतं की चार जण एकत्र बसून जेवढं सुचवतात त्यापेक्षा चार जण वेगवेगळे लिहून नंतर एकत्र केलं तर जास्त निघतं. पुढं १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोघांनी दाखवलं की त्याचं मोठं कारण साधं आहे, एक बोलतोय तोवर बाकीच्यांना थांबावं लागतं आणि थांबता थांबता डोक्यातलं निसटतं. कॉलवर तर हे दुप्पट, दोघं एकदम बोलले की दोघंही 'नाही नाही तुम्ही बोला'.

तर असं करा. दोन दिवस आधी प्रश्न पाठवा, एकच प्रश्न, एका ओळीचा. प्रत्येकानं आपापलं एकट्यानं लिहून पाठवायचं. एचआर सगळं नावं काढून एका पानावर टाकतं. कॉल सुरू झाला की पहिली दहा मिनिटं सगळे म्यूट, कॅमेरा बंद, फक्त वाचायचं. मग बोलायचं, आणि बोलायचा क्रम उलटा, सगळ्यात नवा आधी, साहेब सगळ्यात शेवटी. साहेब आधी बोलले की आपल्या संस्कारात बसतच नाही त्यांच्यापुढं जाणं, होय सर म्हणूनच वाक्य सुरू होतं. (नावं फक्त निवड होईपर्यंत काढायची हं, रजिस्टरमध्ये नाव राहतंच.)

पायरी ६: वेळ द्या, पण नुसता वेळ देऊन भागत नाही

थ्रीएम कंपनीची १५ टक्के वेळाची गोष्ट सगळे एचआरवाले सांगतात, १९४८ पासून त्यांच्याकडं कर्मचाऱ्याला कामाचा तेवढा वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवता येतो, आणि त्यातून चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या निघाल्या. पण त्या गोष्टीतला मधला तुकडा कुणी सांगत नाही. स्पेन्सर सिल्व्हर या शास्त्रज्ञाला १९६८ मध्ये एक कच्चा गोंद सापडला, चिकटतो आणि सहज सुटतो, कशाला वापरायचा कळेना. तो बरीच वर्षं कंपनीतच लोकांना गोळा करून त्याबद्दल सांगत फिरला. तसं एक भाषण आर्ट फ्राय नावाच्या दुसऱ्या खात्यातल्या माणसानं ऐकलं, त्याच्या चर्चमधल्या गाण्याच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या पडायच्या, तिथं त्याला तो गोंद आठवला. सगळ्या अमेरिकेत माल बाजारात आला १९८० मध्ये. म्हणजे वेळ होताच, पण काम केलं ते त्या भाषणानं.

म्हणून आम्ही महिन्याचा दुसरा शुक्रवार दुपारी तीन ते पाच मोकळा ठेवतो आणि त्यातला अर्धा तास 'अर्धवट कामाचा तास' म्हणून. कुणीतरी एकजण आपलं न जमलेलं, अडकलेलं काम दाखवतो. पूर्ण झालेलं दाखवायचं नाही, त्यासाठी बाकीच्या मीटिंगा आहेत. शुक्रवारच का, तर शनिवारी लोकांना गावाकडं जायचं असतं आणि सोमवारी कुणाचं डोकं चालत नाही, एवढंच कारण.

पायरी ७: घरचा माणूस आणि शॉपवरचा माणूस

बेळगावात एक वेगळाच प्रकार आहे जो आयटीच्या लेखांत येत नाही. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप, तिथलं मोल्डिंग काही घरून होत नाही, पण डिझाइनवाला, पर्चेसवाला, कोटेशन करणारा हे घरून काम करतात. कॅडवर पोरगा घरी बसून सुंदर ड्रॉइंग काढतो, पॅटर्नवाला (साच्यासाठी नमुना करणारा) बघतो आणि म्हणतो ह्याला ड्राफ्टच (बाजूंना थोडा उतार) दिलेला नाही, हे वाळूतून सुटणार कसं, साचा फुटणार की. मग फोनाफोनी, चिडचिड, एक आठवडा गेला. दोघांनाही आपापल्या जागी सगळं कळतं, मधला पूल नाही.

इथं करायचं एवढंच: आठवड्यातून एकदा सकाळी साडेआठला, शिफ्टचा आवाज वाढायच्या आधी, शॉपवरून वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल, फोन फोरमनच्या हातात. तो फिरत फिरत रिजेक्ट झालेले तुकडे दाखवणार, घरचे बघणार. प्रश्न फक्त घरच्यांनी विचारायचे, सल्ला द्यायचा नाही, निदान पहिले दोन महिने तरी नाही. आणि नवीन डिझाइनवाल्याला घरून काम द्यायच्या आधी दोन आठवडे शॉपवर उभा करा, हात काळे होऊ देत. एकदा पॅटर्नमेकरशी चहा झालेला असला की नंतर फोनवर 'अण्णा, हा रेडियस चालेल काय' असं विचारायला लाज वाटत नाही.

ह्याच कारणासाठी महिन्यातून एक दिवस सगळे बेळगावात. खानापूर सव्वीस किलोमीटर, निपाणी पाऊणशेच्या आसपास, येणं अवघड नाही, पण बसभाडं आधी हातात द्या, नंतर बिल लावा म्हणू नका. आणि त्या दिवशी प्रेझेंटेशन ठेवू नका. ते घरून पण होतं. जेवायला बसवा, वेगवेगळ्या खात्यांचे लोक एका टेबलावर, बाकी आपोआप होतं.

पायरी ८: मॅनेजर, आणि ती स्क्रीन बघणारी सॉफ्टवेअरं

दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर लावलं असेल तर वरच्या सात पायऱ्या करू नका, उपयोग नाही. फोटो निघतोय म्हटल्यावर माणूस माउस हलवत राहतो, खिडकीबाहेर बघून विचार करत नाही, आणि विचार करताना स्क्रीन रिकामीच दिसते. लोकांची वैयक्तिक माहिती गोळा करण्यावर २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा पण आहे, तेव्हा काय गोळा करतोय ते निदान लेखी सांगा.

मॅनेजरच्या वर्षाच्या मूल्यमापनात एक ओळ टाका: आलेल्या सूचनांना सात दिवसांत किती वेळा उत्तर दिलं. कर्मचाऱ्यांना मात्र 'वर्षाला इतक्या आयडिया' असं टार्गेट देऊ नका. आम्ही एका वर्षी दिलं, मार्च महिन्यात एकसष्ट सूचना आल्या, त्यातल्या निम्म्या फाइलच्या रंगाबद्दल.

पायरी ९: बक्षीस, नाव, आणि आयडिया कुणाची

वर्षाला एकाला मोठं बक्षीस देण्यापेक्षा अमलात आलेल्या प्रत्येक सूचनेला छोटं, पण नक्की. पाचशे रुपये त्याच महिन्याच्या पगारात, वेगळ्या ओळीत, त्या ओळीला नाव देऊन. सोबत घरी पत्र, त्याच्या भाषेत. निपाणीच्या एकाच्या वडिलांनी ते फ्रेम केलं, पाचशेची नोट कुठं गेली कुणाला आठवत नाही. आणि बेळगावच्या माणसाला कुंदा (आमच्याकडची मिठाई) बक्षीस देऊ नका, तो म्हणतो हा तर मी पाहुण्यांना देतो. पुणे-बेंगळूरवाल्यांना पाठवा, ते खूश होतात.

आता कायद्याचं थोडं, कारण ह्यावरून भांडणं होतात. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेलं, म्हणजे मजकूर काय किंवा सॉफ्टवेअरचा कोड काय, वेगळा करार नसेल तर पहिली मालकी कंपनीची. पेटंटचं तसं आपोआप होत नाही, १९७० च्या पेटंट कायद्यात अर्ज खऱ्या पहिल्या शोधकाला करता येतो किंवा त्यानं हक्क लिहून दिलेल्याला, म्हणून कंपन्या नोकरीच्या करारातच ते कलम घालतात. नुसता कॉम्प्युटर प्रोग्राम म्हणून पेटंट मिळत नाही हे पण लोकांना आधी सांगा, उगाच स्वप्नं नकोत. आणि रविवारी स्वतःच्या लॅपटॉपवर भावाच्या दुकानासाठी केलेलं अॅप कंपनीचं नाही, हे करारात स्वच्छ लिहा, वकिलाकडून लिहून घ्या. ते लिहिलेलं नसेल तर माणूस चांगली कल्पना ऑफिसात बोलतच नाही, जपून ठेवतो.

पायरी १०: फसलेलं आणि पडून राहिलेलं

हार्वर्डच्या एमी एडमंडसन हॉस्पिटलांमध्ये अभ्यास करत होत्या, त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या नोंदीत चुका जास्त. नीट बघितल्यावर कळलं की चुका जास्त नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. तेव्हा तुमच्या रजिस्टरमध्ये सहा महिन्यांत एकही 'करून बघितलं, जमलं नाही' अशी ओळ नसेल तर खूश होऊ नका, लोक लपवतायत. 'तूच करून बघ' म्हणून दिलेल्या दोन आठवड्यांच्या शेवटी काय झालं तर थांबायचं हे सुरुवातीलाच लिहा, मग थांबताना कुणाची मान खाली जात नाही. फसलं की पहिलं मॅनेजरनं स्वतःचं एक फसलेलं सांगायचं. आमच्याकडं मी तो चहाचा फॉर्म सांगते, लोक हसतात आणि मग बोलतात.

शेवटचं काम, 'आत्ता नाही' म्हटलेल्या सगळ्या ओळी वर्षातून दोनदा परत वाचायच्या. आम्ही एकदा गणपतीच्या आधी वाचतो, कारण नंतर अर्धे लोक रजेवर आणि बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, पुढचे दोन दिवस कुणाला फोन लावण्यात अर्थ नाही. मागच्या वाचनात २०२२ ची एक ओळ सापडली. खानापूरच्या पोरानं लिहिलेलं की पावसाळ्यात आम्हाला सकाळी साडेसहाला सुरू करून अडीचला सोडा, दुपारनंतर करंट राहत नाही. तेव्हा नकार दिला होता कारण क्लायंटला दहा ते सहाच माणूस पाहिजे होता, तसं लिहिलं पण होतं. आता तो क्लायंट नाही. ह्या जूनपासून खानापूरकडचे चौघं त्या वेळेला काम करतायत. त्याला सांगायला फोन केला तर म्हणाला, मॅडम, मी तर विसरलोच होतो की.